चादरींच्या वस्तीत

३ मे
आत्याचं घर बघून माझा हिरमोडच झाला. आत्या परदेशात असते म्हणून शाळेत केवढी मिरवते मी! आणि इथे एकच खोली. चढायला लोखंडी जिना — जिना कसला, शिडीच. न्हाणीला दार नाही, पडदा.
बाबा म्हणाले, "छान हवेशीर आहे की." हवा कुठे होती?
आत्या म्हणाली, "पाहुणीबाई, तोंड का पाडलंय?" मी म्हटलं, बस लागली.

४ मे
इथे सगळे हॉटेलांच्या चादरी धुतात. गच्चीवर, गल्लीत, जिकडे बघावं तिकडे चादरी — पांढऱ्याशुभ्र. आणि खाली गटार तुंबलेलं, त्यावर साबणाचा फेस. आत्या इस्त्री करते. मनगटांवर भाजल्याचे डाग आहेत. आणि फोनवर म्हणते, "माझं मस्त चाललंय."

५ मे
वाईट झालं आज.
मैत्रिणींना दाखवायला मी बाबांच्या मोबाईलवर फोटो काढत होते. गटाराचे, जिन्याचे. शेजारची बाई दारात बसून भांडी घासत होती, तिचाही काढला. तिची मुलगी माझ्याएवढीच आहे, आत्या तिला मिरची म्हणते. ती धावत आली, मोबाईलवर तळहात धरला आणि काहीतरी बोलली. त्यांची भाषा मला येत नाही. आत्या आधी सांगेचना. मग म्हणाली, "ती विचारतेय, आम्ही काय पिंजऱ्यातली जनावरं आहोत?"
सगळे फोटो काढून टाकले.

६ मे
मिरचीला माझी नवी केसांची क्लिप द्यायला गेले. घेतली नाही. नुसती मान हलवली आणि बादली उचलून गेली.

७ मे
बाबा दिवसभर आत्याच्या मुकादमाबरोबर. मी विचारलं, आपण फिरायला कधी जायचं? म्हणाले, "बघू." मग वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत गेले. भिंत ठोकून पाहिली, नळ सोडून पाहिला. लोकांच्या खोलीत कशाला?
आत्या त्यांना हळूच म्हणाली, "दादा, वहिनीशी बोललास का?" मला बघून बाबांनी विषयच बदलला.

९ मे
घरी आलो. माझी गादी, माझी खिडकी! आईला सगळं सांगितलं — गटार, पडदा, सगळं. म्हटलं, "आपल्याला एक दिवससुद्धा जमणार नाही ना गं तिथे?"
आई भाजी निवडत होती. बाबांचा कारखाना बंद पडल्यापासून ती कमीच बोलते. पण आज उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

११ मे
जूनमध्ये आम्ही तिघं तिकडे राहायला जाणार. बाबांना धुलाईत काम मिळालंय. आजी काकांकडे राहील.
आत्याला फोन करून विचारलं, तिकडच्या भाषेत 'चुकलं माझं' कसं म्हणतात. पुन्हा पुन्हा म्हणून पाहतेय. जीभ वळत नाही.