अस्वलाची मिशी

दाद्या,

आधी एक टपली घे, मग वाच.

आपलं अस्वलाचं पुस्तक आठवतंय ना? आमचा स्टुडिओ त्याचा कार्टून सिनेमा करतोय. पुस्तक बाजारात कुठेच मिळेना, म्हणून मी घरातलं नेऊन दिलं. त्यातल्या अस्वलाला लहानपणी तू पेनने मिशी काढलेलीस आणि मार मी खाल्लेला. खोडी म्हटली की घरात माझंच नाव.

आमच्या डायरेक्टर बाईंना वाटलं, मिशी मुळातलीच आहे. "काय झोकदार मिशी आहे रे!" म्हणाल्या. मी मान डोलावली. दोन महिने अख्खा स्टुडिओ तुझी मिशी काढत होता. अस्वल शिंकलं की ती थरथरायची.

काल लेखकाच्या मुलीने त्यांच्या घरची प्रत पाठवली. त्यात अस्वल सफाचट!

"ही कुणाची करामत?" बाई ओरडल्या.

"माझीच," म्हणालो. सवयच आहे.

"मग तूच पूस सगळी."

पुसतोय. एक चित्र उघडायचं, मिशी पुसायची, पुढचं उघडायचं. रडू वगैरे येत नाही. तुला स्मशानात पोचवून घरी आलो, तेव्हाही आलं नव्हतं. आई म्हणाली, "दगड आहेस का रे?" असेन.

फक्त तळ्याच्या सीनमध्ये, पाण्यात दिसणाऱ्या अस्वलाची मिशी ठेवलीय. काठावरचं सफाचट, पाण्यातलं मिशीवालं. कुणी पकडलंच तर सांगेन, खोडी माझीच. मार खायला मी आहेच.

तुझा,
दगड