सासूबाईंचं मत

१० एप्रिल १९७७, दिमोना, इस्रायल

दारं उघडी ठेवायची, येईल त्याला गोड खाऊ घालायचं, असा हा सासरच्या मोरोक्कन ज्यूंचा मिमुनाचा सण. आमच्याकडे भांडणानं साजरा झाला! सासूबाई तव्यावर मुफलेटा भाजत होत्या, मी गरम पोळीवर लोणी-मध लावत होते, आणि प्रोस्पेरनं – धाकट्या दिरानं – चारचौघांत सांगून टाकलं की यंदा त्याचं मत दुसऱ्या पक्षाला.

अर्मानचा घास हातातच राहिला. नवरा माझा कारखान्यातल्या युनियनचा माणूस. सत्तेतल्या जुन्या पक्षाच्या मतचिठ्ठ्या तो वीस वर्षं घरोघर वाटतोय. म्हणाला, हे घर कोणी दिलं? तुला नोकरी कोणी लावली?

"घर दिलं," प्रोस्पेर म्हणाला, "पण तुझा फोरमन अजून तुला नावानं हाक मारत नाही. ए मारोको, म्हणतो. आणि तू त्याच्या पक्षासाठी जिने चढतोस."

अर्मान ताटावरून उठला. मला दोघांचंही पटत होतं, म्हणून मी पोळ्यांना मध लावत राहिले.

मराठीत लिहिते ते बरं. इकडे येण्याआधी पेणला आईनं गिरवून घेतलेली अक्षरं या घरात कुणाला वाचता येत नाहीत.

१५ एप्रिल

शुक्रवार. खाली सासूबाईंकडे जेवण. प्रोस्पेर आला नाही. 'तो असेल तर मी नाही' असा निरोप. सासूबाईंनी त्याचं ताट मांडलं होतं, ते तसंच उचललं.

२२ एप्रिल

आज प्रोस्पेर आला, म्हणून अर्मान वरच बसून राहिला. आता पाळ्या लावून घ्या म्हणावं!

८ मे

सासूबाईंना अक्षरओळख नाही. दर निवडणुकीला अर्मान चिठ्ठीची घडी करून देतो आणि त्या ती पडद्यामागे लिफाफ्यात घालतात. यंदा सकाळी अर्मान देऊन गेला, दुपारी प्रोस्पेर. दोघांनाही 'हो रे बाळा' म्हणाल्या. दोन्ही चिठ्ठ्या एप्रनच्या एकाच खिशात.

संध्याकाळी मला विचारलं, "दोन्ही घातल्या तर?"

म्हटलं, "बाद होतं, इमा. कुणाच्याच बाजूला धरत नाहीत." इमा म्हणजे आई; मुलांसारखी मीही तेच म्हणते.

"बरं," म्हणाल्या आणि सुई ओवायला घेतली. डोळ्यांना नीट दिसत नाही, पण सुई मला ओवू देतील तर शपथ. दोन्ही मुलांचे कपडे अजून त्याच दुरुस्त करतात. सुनांवर भरवसा नाही!

फार एकट्या दिसल्या आज.

१६ मे

उद्या मतदान. केंद्र आमच्या शाळेत. मी शाळेच्या ऑफिसात, म्हणून समितीची चिटणीसही मीच. निळी साडी काढली होती, मग ठेवून दिली – फ्रॉकच बरा.

१८ मे

अंग नुसतं ठणकतंय. पण लिहायलाच हवं.

सासूबाई सणाचा पोशाख घालून आल्या. मला ओळख दाखवली नाही – कायदा कडक पाळतात! अर्मान दुपारी आला. पडद्याखालून त्याचे बूट दिसत होते. किती वेळ! अध्यक्ष दोनदा खाकरले. मी मनात हसले. देवापुढे उभा राहावा तसा उभा होता.

मोजणीला बसलो. एक लिफाफा हाताला जाड लागला. आत दोन चिठ्ठ्या, एक जुन्या पक्षाची, एक दुसऱ्याची. हिरव्या दोऱ्यानं एकमेकींना शिवलेल्या. दोन घट्ट टाके. अध्यक्ष हसून म्हणाले, हा कुठला शिंपी? मी 'बाद' लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

घरी आले तर अर्मान रेडिओपुढे. जुना पक्ष हरला. देश झाल्यापासून पहिल्यांदा. तो रडत होता. लग्नानंतर मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. डोकं मांडीवर घेतलं. टाक्यांचं काही बोलले नाही.

२२ मे

शुक्रवारी दोघंही आले! प्रोस्पेर तोरा मिरवायला, अर्मान पळून गेला म्हणू नये कुणी म्हणून. मासे वाढले नाहीत तोच प्रोस्पेर म्हणाला, इमा, तुझ्या मतानं जिंकलो. अर्मान म्हणाला, तिनं माझी चिठ्ठी घातली. दोघंही आईकडे बघायला लागले.

रस्सा वाढता वाढता सासूबाई म्हणाल्या, "सेगुलाला विचारा. मोजायला तीच होती."

गुपित राखायचं असतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मग सांगितलं – दोन चिठ्ठ्या, शिवलेल्या, बाद.

मग प्रोस्पेरनं दोऱ्याचा रंग विचारला. हिरवा म्हटल्यावर त्यानं आपली कॉलर उलटून पाहिली. तिथे तोच दोरा. अर्मानच्या बाहीचं बटणही त्याच दोऱ्यानं लावलेलं. आधी अर्मानला हसू फुटलं, मग त्याला. डोळे दोघांचेही भरलेले.

"घातलंत ना वाया माझं मत, दोघांनी मिळून?" सासूबाई म्हणाल्या. "आता जेवा."

प्रोस्पेरनं आपल्या ताटातला माशाचा मोठा तुकडा उचलून भावाच्या ताटात घातला. लहानपणी अर्मान त्याला तसा घालायचा म्हणे. मला किती बरं वाटलं!

२४ मे

सकाळी अर्मान दाढी करत होता. आरशातच बघत म्हणाला, "सेगुला, प्रोस्पेरला सांगू नकोस. मी त्याचीच चिठ्ठी घातली."

म्हटलं, "मग रेडिओपुढे रडलास कशाला?"

वस्तरा थांबला.

"मला वाटलं नव्हतं ते खरंच हरतील."