बारा मिनिटांची टेप

हुट्टेफोर्स, सोमवार, १३ मे

प्रिय हिलेवी,

तुझी चिठ्ठी रूरिकनं मला वाचायला दिली. दोनच ओळी. ‘आपली टेप घेऊन या. जूनमधल्या मिडसमरच्या सणापर्यंत मी असेन असं डॉक्टर म्हणत नाहीत, तेव्हा लवकर या.’ खाली सही म्हणून नुसता ‘हि’. तुझं इतकं नीट अक्षर मी पहिल्यांदा पाहिलं. पूर्वी तू गाण्याचे शब्द लिहून द्यायचीस ते कुणाच्या बापाला लागायचे नाहीत आणि बोदिल ड्रमवर बसून ते मुद्दाम भलतेच वाचून दाखवायची. आता बोलणं म्हणजेच लिहिणं झाल्यावर अक्षर सुधारलं असणार. हे लिहिलं आणि वाटलं खोडून टाकावं. पण राहू दे. तुझ्याशी जपून बोलायला मी कधी शिकलो नाही आणि आता शिकून उपयोग काय.

टेपबद्दल लिहायलाच बसलोय. येतो त्यावर. आधी इथलं सांगतो, कारण रूरिकनं तुला काहीच सांगितलेलं नसणार. तुझा भाऊ तुझ्याकडे येतो तेव्हा हवापाण्यावर बोलतो आणि परत येताना लुडविका गावापर्यंत गाडीत रडतो, हे मला बोदिलनं सांगितलं.

आपली तालमीची खोली गेली. कामगार सभागृहाच्या तळघरातली, आपलीच. तुला आठवतंय ना, प्रौढशिक्षण संस्थेनं ती आपल्याला फुकट दिली होती ती अभ्यासमंडळ म्हणून. आठवड्याला किमान तीन विद्यार्थी हजर पाहिजेत, हजेरीपटावर सह्या पाहिजेत. विषय: जुन्या पद्धतीचं रॉक संगीत. बावीस वर्षं आपण कागदोपत्री विद्यार्थी होतो आणि एकाही वर्षी पास झालो नाही, असं तू लोकांना सांगायचीस. नोव्हेंबरपासून तुझी सही बोदिलच करत होती. जानेवारीत रूरिकनं यायचं बंद केलं, तर त्याचीही तिनंच करायला सुरुवात केली. मग एका मंगळवारी संस्थेच्या बाई स्वतःच तपासायला आल्या. गायिका कुठे आहे म्हणून विचारलं. बोदिल म्हणाली, पाव आणायला गेलीय. त्या बाई कोट न काढता खुर्चीत बसल्या, दीड तास बसून राहिल्या. आम्ही दोघं नुसता ड्रम आणि बेस वाजवत होतो आणि दाराकडे बघत होतो. खरं सांगतो, तासाभरानं मलाही वाटायला लागलं की तू आता येशील, पावाची पिशवी घेऊन, बर्फानं भरलेले बूट आपटत. शेवटी बाई उठल्या आणि म्हणाल्या, मला कळलं होतं, पण तुम्ही वाजवत होता म्हणून बसले. दुसऱ्या आठवड्यात खोली रिकामी करायचं पत्र आलं. आता तिथे मुलांना बुद्धिबळ शिकवतात.

कधी कधी वाटतं, आपण वेडेच होतो. पोलादाचा कारखाना बंद पडला तेव्हा आपण पाळण्यात होतो. त्या सत्तरच्या दशकातलं आपल्याला एक अक्षर आठवत नाही, आणि आयुष्यभर आपण तेच वाजवलं. तुझे बाबा कामावरून घरी बसले आणि पुढे बऱ्याच वर्षांनी गॅरेजमध्ये त्यांच्या तबकड्यांच्या तीन पेट्या तुला आणि रूरिकला सापडल्या, तिथून सगळं सुरू झालं. बाकीची पोरं गाव सोडून शिकायला गेली. आपण केस वाढवले. जुने काचेच्या दिव्यांचे अँप्लिफायर शोधत नॉर्वेपर्यंत गेलो. तो स्टॉकहोमचा समीक्षक लिहून गेला की ही नातवंडं आजोबांच्या विजारी घालून फिरतात. तू ते कात्रण आपल्या गाडीच्या काचेवर आतून चिकटवलंस. जर्मनीत गाडी सीमेवर थांबवली की पोलिसांना ते वाचून दाखवायचीस. तुझी ती रुंद पायांची जांभळी मखमली विजार खरोखरच तुझ्या आत्याची होती, त्यामुळे समीक्षक फार चुकला नव्हता.

आपल्या दोघांचं जे दोन वर्षं चाललं आणि मग थांबलं, त्याबद्दल आज लिहीत नाही. ते संपलं तेव्हाही तू दुसऱ्या दिवशी तालमीला वेळेवर आलीस. मी उशिरा आलो. तू म्हणालीस, बेसवाल्यानं रडावं, पण तालात. मला तेव्हा तुझा भयंकर राग आला होता.

आता टेपचं.

नियम तूच घातला होतास. कॉम्प्युटर खोलीत येणार नाही. सगळे एकदम वाजवणार, एका दमात, टेपवर, आणि टेपही त्याच काळातली, तर आवाज तसा येईल. नवी टेप कितीही चांगली असली तरी तू नाक मुरडायचीस. ऑक्टोबरात, उप्सालाच्या इस्पितळात तुझा गळा कापायच्या चार दिवस आधी, तू म्हणालीस की एक शेवटचं गाणं घ्यायचं. डॉक्टरांनी बोलायलाही मना केलं होतं. बोदिलनं जपून ठेवलेलं शेवटचं जुनं रीळ काढलं. त्या जुन्या रिळांचा डिंक हवेतला दमटपणा पिऊन चिकट होतो, तेव्हा तिनं ते आळंबी वाळवायच्या यंत्रात मंद आचेवर आठ तास ठेवलं. यंत्राला पिवळ्या आळंब्यांचा वास होता, तो टेपलाही लागला. तू रीळ हुंगून म्हणालीस, यावर साय घालून खायला हरकत नाही.

तुला सभागृहाच्या स्वयंपाकघरात उभं केलं, दार लावलं, मधल्या काचेतून मान हलवून खुणा. आम्ही तिघं बाहेर इतके जोरात वाजवत होतो की तुझा एक शब्द कुणाला ऐकू आला नाही. फक्त तोंड हलताना दिसत होतं. मी तर निम्मा वेळ माझ्या बोटांकडेच बघत होतो. बारा मिनिटं. तू बाहेर आलीस, खुर्चीत बसलीस आणि कागदावर लिहिलंस: ‘आत्ता नाही ऐकायचं. मी परत आले की चौघं मिळून.’ आम्ही तिघांनी कबूल केलं. नक्कल काढायला कॉम्प्युटर लागला असता, तो नियमात नव्हता. रीळ मी घरी नेलं, कारण माझं घर सभागृहाला सर्वात जवळ.

फेब्रुवारीत रूरिकचा फोन आला की आता करण्यासारखं काही उरलेलं नाही. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. गुरुवार होता, गुरुवारचं ठरलेलं वाटाण्याचं सूप चुलीवर होतं, ते मी खाल्लंसुद्धा. मग तळघरातून रीळ वर आणलं आणि टेपच्या यंत्रावर चढवलं. हिलेवी, कबूल केलेलं मी मोडलं. मला तुझा आवाज हवा होता. चार महिने तुझ्याकडून फक्त गिचमिड कागद येत होते.

एकदा वाळवलेली टेप पुन्हा चिकटते. काही महिन्यांत चिकटते, लावण्याआधी ती परत वाळवावी लागते. हे आपल्यात कुणाला माहीत नाही? दौऱ्यावर भेटणाऱ्या जर्मन पोरांना हे मीच तासभर समजावून सांगत बसायचो. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात एवढंच होतं की बोदिलनं वाळवली होती ना. आणि माझं तळघर कसलं ओलं आहे ते तुला ठाऊक आहे, तूच तिथे पाय ठेवायची नाहीस.

ती वाजली. सुरुवातीला अगदी स्वच्छ वाजली. पाचव्या मिनिटाला मागे बारीक किंचाळी सुरू झाली, यंत्राची, टेप घासल्याची. मी बघितलं तर टेपवरचा आवाज धरून ठेवणारा लेप झडून खाली त्याची तपकिरी भुकटी पडत होती. ती भुकटी म्हणजे तूच होतीस. बोर्लेंगेच्या दुरुस्तीवाल्याकडे मी नंतर रीळ घेऊन गेलो. त्यानं पारदर्शक झालेली पट्टी उजेडात धरली आणि मला बसायला खुर्ची दिली. त्यानं सांगितलं की आधीचं वाजता वाजताच झडलं होतं, पण पहिल्या किंचाळीला थांबवलं असतं, तर पुढचं सगळं वाचलं असतं. रूरिकला आणि बोदिलला मी सांगितलं की मी दुसऱ्या खोलीत होतो, मला कळलंच नाही. ते खोटं आहे. मी यंत्रासमोर बसलो होतो, हात बटणावर होता. थांबवलं नाही, कारण तू गात होतीस.

आणि मग मार्चअखेर तुझी ही चिठ्ठी आली. बोदिल माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. रूरिक ओरडलासुद्धा नाही, त्यानं फक्त विचारलं की चाल सगळी आठवते का. लुडविकाला तिंद्रा नावाची एक मुलगी आहे, तेवीस वर्षांची, बेकरीत काम करते. आपल्या दोन्ही तबकड्या ऐकून ऐकून गायला शिकलीय. तू तिच्या वयाची होतीस तेव्हा जशी गायचीस तशी गाते, श्वाससुद्धा तिथेच घेते. रूरिकनं तिला सांगितलं की हे हिलेवीसाठी भेट म्हणून करतोय. शब्द तुझ्या त्या गिचमिड कागदावरून काढले. एप्रिलमध्ये सभागृह एका संध्याकाळपुरतं भाड्यानं घेऊन त्याच स्वयंपाकघरात तिला उभं केलं, नवी टेप लावली, आम्ही तिघं बाहेर वाजवत होतो. मी एकही सूर चुकलो नाही. नंतर मी रूरिकला म्हटलं, हे हिलेवीला सांगू या. तो म्हणाला, “ती मरायला टेकलीय, सिक्स्टन. तिला गाणं हवंय, खरेपणाचा दाखला नकोय. तू सांगितलंस तर तिच्या हातून शेवटची गोष्टही काढून घेशील.” कदाचित तोच बरोबर असेल.

टपाल आता एक दिवसाआड येतं, म्हणजे हे तुला बुधवारी किंवा फार तर शुक्रवारी मिळेल. रविवारी दुपारी आम्ही तिघं येऊ, रूरिक यंत्र तुझ्या पलंगाशी ठेवेल आणि म्हणेल की ही ऑक्टोबरची टेप. ती तू नाहीस. तुझ्या टेपमध्ये दुसऱ्या कडव्याला आवाज फाटला होता, तू तो सावरला नव्हतास, तसाच फाटका पुढे ओढत नेला होतास, आणि तसं तू आयुष्यात कधी गायली नव्हतीस. तिंद्रा ते कडवं सुरेख गाते. म्हणजे मी लिहिलं नसतं तरी तुला पहिल्या दोन मिनिटांत कळलं असतं. तू रूरिकच्या तोंडाकडे बघितलं असतंस आणि मान हलवली असतीस, छान झालंय म्हणून. त्याच्यासाठी. आम्ही तिघं काम झालं म्हणून गाडीत बसून घरी आलो असतो आणि तू तिथे एकटी पडली असतीस, कुणाला काही सांगता न येणारी. ते मला होऊ द्यायचं नव्हतं, म्हणून लिहिलं. मान अजूनही हलवायची असेल तर हलव, मी काही बोलणार नाही. पण माझ्याकडे बघू नकोस. तुझं गाणं आता कुठेच नाही, हिलेवी. मी ते संपेपर्यंत ऐकलं.

तुझाच,
सिक्स्टन