किसनरावाच्या हातावरचा रुमाल

हिवरखेड, वैशाख वद्य पंचमी, शके १७८७

अकोला मुक्कामी ताहेरभाई दलाल यांस भगवंतरावाचा रामराम. इकडे देवाच्या दयेने सगळे बरे. माझी कारभारीण मैनाबाई तुमच्या घरच्यांची विचारपूस करते. ऊन असे आहे की बैलसुद्धा सावली सोडत नाहीत.

किसनरावाच्या मुलीच्या लग्नाला तुम्ही अकोल्याहून आलात, दोन दिवस राहिलात. मीही मांडवात होतो. तुम्ही लोडाला टेकून बसलेले आणि तो स्वतः तुम्हाला पंख्याने वारा घालतोय. चुलतभाऊ असला तरी सांगतो, त्याने माझ्या बापाला कधी पाण्याचा तांब्या दिला नाही. मला तुम्ही लांबूनच सलाम केलात. पोटात दुखले, ते लपवत नाही.

कापूस विकण्याच्या तुमच्या सल्ल्यावर मी नाराज आहे, असे गावभर बोललो. ते तुमच्या कानी आले असेलच. परतवाड्याचा एक दलाल हल्ली येत असतो. गोड बोलतो, मैनाबाईच्या रोडग्यांचे कौतुक करतो. त्याला कापूस अजून दिलेला नाही.

आता फाल्गुनातल्या बाजाराचे लिहितो. माझ्या आणि किसनरावाच्या गाड्या अकोल्याला शेजारीशेजारी उभ्या होत्या. तुम्ही माझा कापूस हातात घेतला आणि उभ्याउभ्या म्हणालात, "भगवंतराव, आजच इकून टाका. थांबू नका." लगेच वळून किसनरावाच्या हातावर रुमाल टाकलात आणि आत बोटे धरून भाव सांगू लागलात. किती वेळ तो रुमाल हलत होता! शेजाऱ्याला आकडा कळू नये म्हणून रुमालाखाली बोटांनी भाव करायची रीत मलाही ठाऊक आहे. पण मला तोंडी सल्ला आणि त्याला रुमाल? मी समजलो, त्याला वरचा भाव मिळवून द्यायचा म्हणून माझा माल आधी वाटेतून काढताय. गाड्या फिरवून घरी आणल्या.

पुढे अमेरिकेतली लढाई संपली, तिकडचा कापूस पुन्हा विलायतेला जाणार म्हणून आपला भाव कोसळला. कापूस ओसरीपर्यंत भरला आहे. आम्ही अंगणात झोपतो.

लग्नात किसनरावाने विचारले, "मले तं ताहेरभाईनं तवाच इकाले लावलं. तुमाले नाई सांगतलं काय?" मी पान चघळत राहिलो.

सांगितले होते. आणि एक गोष्ट वर लिहायची टाळली, ती लिहितो. त्या दिवशी मी तुम्हाला विचारले होते, मला रुमाल नाही का? तुम्ही हसून म्हणालात, "तुमच्यासंग रुमाल कायले? तुमी तं घरचे." घर की मुर्गी दाल बराबर, ही म्हण तुमच्याच मोहल्ल्यातली ना? तुम्ही मायेने म्हणाला असाल. मला मात्र किसनरावासमोर मान हवा होता. आजही हवा आहे.

मंगळवारी गाड्या तुमच्याकडे पाठवतो. मिळेल त्या भावाने विका, मला विचारू नका. फक्त मी तुमच्याकडेच परत आलो, हे किसनरावाला कळू देऊ नका.

तुमचाच,
भगवंतराव