ध्रुवचा बॅज

सोम. १९ जाने.
दिवसभर लॅबमध्ये द्राक्षांचे नमुने. दिंडोरीकडचे बागायतदार निर्यातीच्या रिपोर्टसाठी डोक्यावर बसलेले, आणि माझं लक्ष मोबाइलवर. ध्रुवचा आजही मेसेज नाही. दिवाळीपासून नाही.
आमच्या विज्ञानकथावेड्यांच्या ग्रुपवर साखळी कथा चालतात. एकाने भाग लिहायचा, दुसऱ्याने तो न बदलता पुढे न्यायचा. ही कथा ध्रुवची आणि माझी. गेल्या भागात त्याने मेकॅनिकला यानाबाहेर लटकत ठेवलं, नळीतली हवा संपत आलेली, आणि स्वतः गायब! असं करतात का? रविवारी ग्रुपच्या मेळाव्यात कथा स्टेजवर वाचायचीय. शेवट माझ्या गळ्यात.

बुध. २१
ग्रुपच्या ॲडमिनला, म्हणजे सूर्यला, पुन्हा विचारलं. ‘मृग, नियम तो नियम. आणि मलाही माहीत नाही गं.’
खरं नाव, आडनाव, गाव, नोकरी विचारायची नाही. ग्रहताऱ्यांची नावं घ्यायची, बस. नियम माझा फार लाडका. आडनाव कळलं की आपली माणसं मिनिटभरात गाव, जात करत मावशीच्या नणंदेपर्यंत पोचतात. तीन वर्षं मी इथे नुसती मृग आहे. कुणाची सून नाही, मॅडम नाही. आणि आता ज्याच्याशी रोज बोलत होते तो बरा आहे का, एवढं विचारायचं तर हाताशी नावच नाही. त्या ॲपवर नंबरही दिसत नाही.
सुहासला सांगितलं. नवऱ्याचं उत्तर : ‘तुझा तारा बायकोच्या धाकाने विझला असेल.’ हसले. मग चिडले. भाजी करपली.
मालेगावकडचा असावा, एवढाच अंदाज. त्याच्या कथेतला यंत्रमानव अहिराणी बोलतो.

शुक्र. २३
शेवट लिहिला. फाडला. मेकॅनिकला आत घ्यावं तर ध्रुवला विचारल्याशिवाय कसं? मरू द्यावं तर... नाही, ते नाही.

शनि. २४
मेळावा, दिवस पहिला. गंगापूर रोडचा हॉल. पाय तुटलेत.
मी दारातल्या टेबलावर, बॅज वाटायला. बॅजवर फक्त ताऱ्याचं नाव. ध्रुवचा बॅज वेगळा काढून ठेवलेला. कुणी उंच माणूस दारात आला की हात त्या बॅजकडे. (तो उंच असेल हे तरी कुणी सांगितलं मला?)
मधे मधे पळून पाहिलं ते : तंबूतलं तारांगण, मान अवघडते पण जावंच. जुन्या पुस्तकांचा स्टॉल, तिथे पाकीट घरी विसरून जावं. वेशभूषेत एकजण फवारणीचा पंप पाठीला लावून अंतराळवीर, त्याला पहिलं बक्षीस. ‘मंगळावरची शेती’ चर्चेत एक आजोबा उठले : ‘ते सगळं खरं, पण पाण्याची पाळी कोण ठरवनार?’ हॉल हसून बेजार.
दुपारी गर्दीत एक बाई आली. ‘भास्कर देवरे आठे येतस का? त्यासले कोनी वळखस का?’ म्हटलं, या नावाचं इथे कुणी नाही. ती मोबाइल पुढे करत होती, मी म्हटलं, ‘ताई, मागे रांग आहे, जरा बाजूला होता का?’ झाली बाजूला. थोडा वेळ थर्माकोलच्या यानापाशी उभी होती. नंतर दिसली नाही.
ध्रुव आला नाही. उद्या तरी.

रवि. २५
लिहवत नाहीये.
ध्रुवसाठी पहिल्या रांगेतली खुर्ची पर्स ठेवून अडवलेली. वाचायला लागले. मेकॅनिक बाहेर, हवा संपतेय, आतून यंत्रमानव म्हणतो, ‘घाबरू नको, मी आठेच शे.’ मोठ्याने म्हटलं आणि कालची बाई कानात बोलायला लागली. तोच सूर, ध्रुवची अहिराणी. आठे.
जिथे एकालाही खरं नाव नाही तिथे ती खरं नाव घेऊन आली होती. मी काय उत्तर दिलं? कुणी नाही. वर ठसक्यात!
रात्री कसाबसा लिहिलेला शेवट वाचलाच नाही. लोकांना वाटलं, कथा तिथेच संपली. टाळ्या. सूर्य म्हणाला, काय शेवट केलास! दारापर्यंत पळत गेले, कशाला ते देव जाणे. ती काल आली होती.
सूर्यला सगळं सांगितलं. ‘दुसरी कुणी असेल. योगायोग.’ असेल. असू दे रे देवा.

सोम. २६
सुट्टी. सकाळचं झेंडावंदन बुडवलं. मालेगावच्या एसटीत बसून लिहितेय, अक्षर नाचतंय.
कंडक्टरला विचारलं, भास्कर देवरे माहीत आहेत का. तो हसायलाच लागला. ‘अहो ताई, देवरे तिकडं ढिगानं. गाव कोणतं? भाऊबंद कोण? करतात काय?’ मी आपलं नावच पुन्हा सांगितलं. शेजारच्या काकूंनी दोन देवरे सुचवले, एक दूधवाले, एक मास्तर. दोन्ही गावं लिहून घेतली.
चांदवड गेल्यावर सुहासचा फोन. कालपासून त्याने चेष्टा केलेली नाही. ‘ती बाई नीट आठव. रडवेली होती का? कपाळाला टिकली होती का?’
डोळे मिटून बसलेय. पिवळी पिशवी आठवते. मोबाइल धरलेला हात आठवतो. तोंडाकडे मी पाहिलंच नाही, खाली मान घालून बॅजला पिना लावत होते.