पुनरागमन, मिश्र दुहेरी

३ जून, सकाळ
ठरलं. पुन्हा कोर्टवर उतरायचं. क्लबने पन्नाशीपुढच्यांची बॅडमिंटन स्पर्धा जाहीर केली आहे. राज्य स्पर्धेचा उपविजेता होतो मी, उगाच नाही. खेळ सोडला तो केवळ नोकरीपायी. स्मॅश अजून मनगटात आहे. बायकोने विचारलं, मनगटाचं ठीक, गुडघ्यांचं काय? फार नकारात्मक स्वभाव.

४ जून
जुनी शॉर्ट्स सापडली. नुसतं कपाटात राहून कापड इतकं आटतं?

५ जून
हाडांचे डॉक्टर म्हणाले, उड्या मारू नका, वाकू नका, एकदम वळू नका. म्हणजे बाकी सगळं चालेल.

९ जून
बगळ्याला फोन. दुहेरीतला माझा जुना जोडीदार, मान लांब म्हणून बगळा. चल, पुन्हा धुमाकूळ घालू म्हटलं. त्याने मेव्हण्याबरोबर नाव दिलंय! वर म्हणाला, तू बघायला नक्की ये.
मत्सर. दुसरं काय?

१० जून
ही म्हणाली, मिश्र दुहेरीत मी येते तुमच्याबरोबर. हसू आवरेना. रोज सकाळी बायकांच्या ग्रुपबरोबर क्लबवर जाते खरी, पण ते आपलं गप्पा मारत फूल उडवणं. मोठ्या मनाने हो म्हटलं.

१४ जून
हिचं कोचिंग सुरू. मी पायांची हालचाल समजावत असताना हिने सारखं फूल माझ्या मागे टाकलं. सांगितलं, समोरच्याला असं पळवणं बरं नव्हे. म्हणाली, पळालात कुठे?

२१ जून, सकाळ
आज स्पर्धा. रणनीती पक्की: मागचं कोर्ट माझं, ही जाळीपाशी.

संध्याकाळ
रणनीतीत किरकोळ बदल. पहिल्या गेममध्ये मी उडी मारून स्मॅश मारला. फूल जाळीत गेलं, पाठोपाठ मी. गेम गेला. मग हिने सांगितलं, तुम्ही पुढे उभे राहा, रॅकेट वर धरा, आणि मी ‘सोडा’ म्हटलं की सोडा.
सोडत गेलो. मागे ही वाऱ्यासारखी धावत होती. शेवटच्या फुलावर मी ‘माझं!’ ओरडलो, ही ‘सोडा!’ ओरडली. सोडलं. फूल बाहेर पडलं. जिंकलो!
टाळ्यांचा कडकडाट. मी हात उंचावला. सगळे हिच्याकडे बघत होते. उंचावलेल्या हाताने मग टक्कल पुसलं. ही घामाने निथळत हसत होती. इतकी खूश कधी पाहिली होती, आठवेना.

२२ जून
क्लबचे सचिव घरी आले. बाहेरगावच्या स्पर्धेसाठी संघात निवड झाली आहे. शर्ट बदलून बाहेर आलो, तर निवड हिची. मी सुचवलं, संघाला अनुभवी मॅनेजर हवाच. सचिव म्हणाले, वहिनींची हरकत नसेल तर बघू.
ही म्हणाली, विचार करून सांगते.
चहा मीच केला. हिने कप संपवला. लक्षण चांगलं आहे.