भुताच्या नावाची चौकशी

शामेन, ४ मे

ती. आमास रुओलानचा वाकून शि. सा. न.

वि. वि. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने रचतेस, म्हणून पत्र. मोबाइलवर रोज एक प्रकरण येणारी माझी कादंबरी आहे ना, तिच्यातल्या भूत-राणीचं नाव मी आपल्या माळ्यावरच्या बांबूच्या परडीवरून उचललं. परडीच्या पाठीवर शाईने दोन अक्षरं होती. वाटलं, शंभर वर्षांपूर्वी मेलेली कुणी बाई असेल. आता वाचक त्यावरून भांडतायत. कुणी प्रमाण चिनीत ‘वांगशी’ वाचतं, कुणी म्हणतं हे आपल्या दक्षिणेतल्या बोलीतलं नाव, त्याच अक्षरांचा उच्चार वेगळा. एकाने तर ‘नगर गमावलेली सम्राज्ञी’ असा अर्थ लावून सात पानं लिहिली. वीस तारखेला कादंबरीचं श्रुतिनाट्य ध्वनिमुद्रित व्हायचंय आणि नटी रोज विचारते, हाक कशी मारायची? उच्चार आणि अर्थ लगेच कळव.

तुझी लाडकी नात,
रुओलान

आन्शी, ९ मे

चि. रुओलान हिला आमाचे ओंजळभर आ.

वि. वि. पत्र पोचलं. बोट फिरवत वाचलं. दोन यत्तांत जेवढं आलं तेवढं आलं, बाकी शेजारच्या ग्वेईला विचारलं. तुझी प्रकरणंही तीच वाचून दाखवते, माझ्या कानांमुळे इतक्या मोठ्याने की तळ्यावरची माणसं बदकं सोडून ऐकायला येतात. परवा राणीने सुभेदाराची मिशी उपटली तेव्हा मला चहाचा ठसका लागला. ग्वेईची एक दाढ पडलीय, त्यामुळे सुभेदार शिट्टी वाजवत बोलतो.

तर उच्चार. आधी तोंड मिटायचं, मग आवाज नाकात नेऊन सोडून द्यायचा, ‘बोंग’. आणि तिखट लागल्यासारखं ‘छी’. बोंगछी. अर्थ म्हणशील तर, ‘आलीच आहे तर पोसू’. मुलगा हवा असताना तिसरी-चौथी मुलगी झाली की हेच नाव. आमच्या गल्लीत तिघी होत्या, एकीला हाक मारली की तिघी धावायच्या. त्या सात पानांवाल्याला हे जपून सांग.

आणि बाई मेलेली नाही गं. ती परडी माझ्या माहेरची. चहाची पानं वाळवताना घराघरांच्या परड्या मिसळू नयेत म्हणून मागे नाव घालत. बोंगछी म्हणजे मी. तुला कुठून कळणार? घरात थोरांचं नाव कुणी घेत नाही. लग्न झाल्यावर मी सून झाले, मग आई, मग आमा. ओळखपत्रावर मास्तरांनी घातलेलं भलतंच गोड नाव आहे, त्या नावाने मला आजवर फक्त दवाखान्यातच बोलावलंय.

मरायची मेहनत न घेता भूत झाले, वर राणीसुद्धा. फार बरं वाटलं.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी आमा

शामेन, १३ मे

ती. आमास रुओलानचे शि. सा. न., आणि पाया पडून क्षमा.

तुझं पत्र बाबांनी वाचलं आणि घरात आकाश कोसळलं. जिवंत आईचं नाव भुताला! तुझं आयुष्य कमी केलं म्हणून तासभर बोलले, मग शिजवायला डुकराचे पाय आणायला गेले. अरिष्ट टळावं म्हणून त्या पायांच्या रश्शातल्या शेवया खाऊ घालतात ना, त्या घेऊन ते रविवारी तुझ्याकडे येतायत. मला हुकूम आहे की दोनशे बारा प्रकरणांतून नाव पुसायचं. मीही ‘हिमचंद्रा’ असं नवं ठरवलंय. गुळगुळीत आहे, पण निर्धोक. रागावली नाहीस ना?

तुझी अपराधी,
रुओलान

आन्शी, १७ मे

चि. रुओलान हिला आमाचे पुष्कळ आ.

वि. वि. तुझा बाप आला. बसायच्या आधी मला दोन वाट्या शेवया खायला लावल्या. पाय छान शिजले होते, मी तिसरी मागितली. मग म्हणाला, ते नाव गेलंच पाहिजे. मी विचारलं, कोणतं? बिचारा आईचं नाव कसं घेणार? तासभर ‘ते, ते’ करत भांडला.

हिमचंद्रा नको, बाळ. माझी आई गेली तेव्हापासून तुझी राणी येईपर्यंत अठ्ठेचाळीस वर्षांत ते नाव कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. माझ्या बापाने ठेवलं आणि भात लावायला निघून गेला. हौसेने ते कुणाला दिलं असेल तर तूच पहिली. राणीलाही अर्थ कळू दे. कळल्यावरही ती सिंहासनावरून उठणार नाही, मी तिला ओळखते.

हे तुझ्या बापाला सांगत होते तोच ग्वेई नवं प्रकरण घेऊन आली. तो तोंड फिरवून बसला, पण कान इकडेच. राणी आगीच्या पुलावर उभी, पलीकडून सेनापती तिला हाक मारतो, आणि नेमकी तिथे ग्वेई थांबली, मुलासमोर आईचं नाव कसं घ्यावं म्हणून. तुझ्या बापाला राहवेना. नाव त्यानेच घेतलं, आणि पुढे वाच म्हणून तिला दटावलंही. मग कानापर्यंत लाल झाला.

उच्चार अगदी माझ्या आईसारखा होता. लहानपणी तिच्या ओसरीवर ऐकलेला असणार. नाव पुसायचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. नटीला त्याच्याकडेच शिकायला पाठव.

ओढ असू दे, तब्येत जप.
तुझी आमा,
बोंगछी